संघ सावरला, पण मुलांना कोणी विचारलं? स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजचं प्रकरण

कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीत स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज हे नाव आजही आदराने घेतलं जातं. ३० डिसेंबर १९८६ रोजी या संघाच्या बसला अपघात झाला आणि चार खेळाडू गेले. त्यानंतर अडीच वर्षं व्हायच्या आत हाच संघ देशाचा ज्युनिअर विजेता ठरला. दुःखातून उभ्या राहिलेल्या गावाची कहाणी म्हणून ती कितीतरी वर्षं सांगितली गेली. मग जानेवारी १९९७ मध्ये त्या यशाचा शिल्पकार म्हणून गौरवलेला प्रशिक्षक आपल्याच खेळाडूंवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल तुरुंगात गेला, आणि ती सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागली.

प्रशिक्षकाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते न्यायालयाच्या नोंदींत आहेच. मला त्या माणसापेक्षा त्याच्या हातात दिलेल्या पदाकडे बघायचं आहे. अत्याचार सोसलेल्यांपैकी जे स्वतः जाहीरपणे बोलले, त्यांचाच उल्लेख नावाने केला आहे. बाकीच्यांची ओळख त्यांची त्यांच्याजवळ राहू दे.

पार्श्वभूमी

स्विफ्ट करंट हे सास्कॅचवान प्रांतातलं सोळा-सतरा हजार वस्तीचं गाव. भोवती गव्हाची शेतं आणि तेलविहिरी, शेजारून जाणारा ट्रान्स-कॅनडा हायवे, आणि हिवाळ्यात उणे तीसच्याही खाली उतरणारा पारा. वेस्टर्न हॉकी लीगमधल्या सगळ्यात लहान गावांपैकी हे एक. १९६७ मध्ये इथे ब्रॉन्कोज संघ सुरू झाला. पुढे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगचा स्टॅन्ली कप अनेकदा जिंकणारा ब्रायन ट्रॉटिये किशोरवयात इथेच खेळला. १९७४ मध्ये संघ शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिजला हलवला गेला आणि तब्बल बारा वर्षं स्विफ्ट करंटला लीगचा संघ नव्हता.

१९८६ मध्ये गावकऱ्यांनी पैसे उभे करून तो परत आणला. मोठ्या शहरांतल्या संघांना धनाढ्य मालक असतात, इथे मालक गावच. घरचा सामना असला की शेतकरी, शिक्षक, दुकानदार सगळे रिंकवर. ‘आपला संघ परत आला’ ही त्या पहिल्या मोसमातली भावना किती खोल असेल, याचा अंदाज बारा वर्षांच्या रिकाम्या हिवाळ्यांवरून येतो.

आता मेजर ज्युनिअर हॉकी चालते कशी, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मुलं साधारण सोळा ते वीस वयाची. मोसम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, नियमित फेरीत त्या काळी ७२ सामने, वर प्लेऑफ. अंतरं अफाट. प्रवास बसने, बहुतेकदा रात्रीचा आणि बर्फातून. मुलं घरापासून शेकडो किलोमीटर लांब, एखाद्या यजमान कुटुंबाकडे राहतात आणि गावातल्याच शाळेत जातात. आपल्याकडे तालमीत राहून वस्तादांच्या नजरेखाली वाढणारा पोरगा असतो, तसंच काहीसं.

या मुलाच्या आयुष्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका माणसाच्या हातात असते. आज बर्फावर उतरायचं की बाकावर बसायचं, कोणत्या जोडीदारांबरोबर खेळायचं, एनएचएलसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटने विचारलं तर याच्याबद्दल काय सांगायचं, हे सगळं प्रशिक्षक ठरवतो. आणि प्रशिक्षक जनरल मॅनेजरही असला, तर या मुलाला संघात ठेवायचं की दुसऱ्या गावाला ‘ट्रेड’ करून टाकायचं, हेही तोच ठरवतो. १९८६ मध्ये स्विफ्ट करंटने नेमलेल्या माणसाकडे ही दोन्ही पदं होती. हॉकीची त्याची समज उत्तम होती. मारामारीच्या जागी वेग आणि पासिंगवर भर देणारा, बोलण्यात हुशार, पत्रकारांना आवडणारा असा तो होता. नवीन संघाला, नवीन संचालकांना असा माणूस मिळणं म्हणजे त्यांना भाग्यच वाटलं असणार.

अपघात

३० डिसेंबरला संघ रेजायनाला सामन्यासाठी निघाला होता. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर होता. गाव नुकतंच मागे पडलं होतं, तेवढ्यात रेल्वे उड्डाणपुलाजवळ बस घसरली, रस्ता सोडून बांधावर आदळली, हवेत उडाली आणि कुशीवर कोसळली.

बसच्या मागच्या भागात चौघं जण पत्ते खेळत होते. ट्रेंट क्रेसी २० वर्षांचा, स्कॉट क्रूगर आणि ख्रिस मँटिका १९ वर्षांचे, ब्रेंट रफ १६ वर्षांचा. ते चौघं गेले. स्कॉट क्रूगर तर गावातलाच मुलगा, त्याचे भाऊही हॉकीपटू. बाकीच्या मुलांनी ते सगळं डोळ्यांसमोर पाहिलं. त्यांच्यात सतरा वर्षांचा जो सॅकिक होता, जो पुढे कोलोराडो अॅव्हलांचचा कर्णधार म्हणून दोनदा स्टॅन्ली कप जिंकला. शेल्डन केनेडीही होता, त्याचंही वय सतराच.

अंत्यविधीची सभा गावच्या सिव्हिक सेंटरमध्ये, म्हणजे जिथे ही मुलं खेळत त्याच रिंकवर झाली. हजारो लोक आले.

समस्या

वरवर पाहता प्रश्न एकच होता: संघ पुढे खेळणार की नाही? गावात, वर्तमानपत्रांत, लीगमध्ये चर्चा याच प्रश्नाची झाली. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता, आणि तो वेगळा काढून कोणी मांडला नाही. बसमधून जिवंत बाहेर आलेल्या या सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची जबाबदारी आता नेमकी कोणाची? आईवडील लांब, यजमान कुटुंबं स्वतःच दुःखात, संचालक मंडळ संघ वाचवण्याच्या विवंचनेत. उरतो प्रशिक्षक, आणि तोही त्या बसमध्ये होताच.

आणखी एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. केनेडी चौदा वर्षांचा असल्यापासून, दुसऱ्या शहरात असतानाच, या प्रशिक्षकाने त्याच्यावर अत्याचार सुरू केले होते. स्विफ्ट करंटमध्येही ते चालूच होते. म्हणजे अपघातानंतर मुलांची काळजी ज्याच्या हाती सोपवली गेली, त्याच्यापासूनच त्यातल्या काहींना वाचवायला हवं होतं.

समोर असलेले पर्याय

खेळाच्या बाबतीत ढोबळमानाने दोनच रस्ते होते. मोसम तिथेच थांबवायचा, किंवा उरलेल्या आणि नव्या खेळाडूंना घेऊन पुढे जायचं. थांबणं माणुसकीला धरून झालं असतं, पण पहिल्याच वर्षी दरवाजे बंद करणारा गावमालकीचा संघ पुन्हा उघडलाच असता, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. पुढे जाण्यात मुलांना एक दिनक्रम मिळणार होता: सकाळी उठायचं, सरावाला जायचं, सोबत्यांत राहायचं. दुःखात असलेल्या तरुण मुलांना याचा आधार होतो, हेही खरंच. त्यामुळे खेळत राहण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

मुलांच्या मनाच्या बाबतीत मात्र पर्याय जास्त होते. बाहेरून समुपदेशक बोलावता आला असता. काही आठवडे घरी जाण्याची मुभा देता आली असती. आईवडील, गावातले डॉक्टर, शाळेतले शिक्षक आणि एखादा संचालक अशी छोटी समिती नेमून दर मुलामागे एक जबाबदार प्रौढ ठरवता आला असता. यातलं काहीही त्या काळाच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं. ऐंशीच्या दशकात मानसिक आघाताबद्दलची समज आजच्याइतकी नव्हती हे मान्य, पण गावात डॉक्टर होते, चर्च होती, शाळा होती.

काय केलं गेलं

जानेवारीतच संघ पुन्हा बर्फावर उतरला. जर्सीवर चार पानांच्या क्लोव्हरचं चिन्ह आलं, गेलेल्या चौघांसाठी. त्या मोसमात संघ प्लेऑफपर्यंत पोहोचला. लीगने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला द्यायच्या चषकाला ‘फोर ब्रॉन्कोज’ हे नाव दिलं.

मुलांना व्यावसायिक समुपदेशन मिळालं नाही. वाचलेल्या खेळाडूंनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे की, बाहेरच्या कोणाची गरज नाही, संघ आपसांत हे सांभाळेल, अशी प्रशिक्षकाची भूमिका होती आणि तीच चालली. त्या क्षणी ती अनेकांना समंजसपणाची वाटली असावी. दार लावून घेतलेलं कुटुंब, एकमेकांना धरून राहणारी पोरं. हॉकीच्या जगात तर ‘ड्रेसिंग रूममधलं ड्रेसिंग रूममध्येच’ हा अलिखित नियमच.

मागे वळून पाहिल्यावर त्या भूमिकेचा दुसरा अर्थ स्पष्ट दिसतो, आणि केनेडीनेही तो बोलून दाखवला आहे. प्रशिक्षित समुपदेशक मुलांशी एकेकट्याने बोलला असता. दार बंद करून, प्रशिक्षकाला बाहेर ठेवून. तिथे अपघाताखेरीज आणखीही काही बाहेर येऊ शकलं असतं.

या संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची निर्णयाची जागा माझ्या दृष्टीने हीच आहे. समुपदेशन हवं की नको, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या अखत्यारीतला नव्हताच. तो त्याला विचारला गेला किंवा त्याने परस्पर सोडवला, आणि संचालक मंडळाने, लीगने, कोणीही ‘हे आम्ही ठरवू’ असं म्हटलं नाही. माणूस सज्जन असता तरीही ही रचना चुकीचीच ठरली असती. स्वतः अपघातातून वाचलेल्या, रात्रीची झोप उडालेल्या माणसाने वीस-पंचवीस मुलांच्या मनाची स्थिती ठरवावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

निकाल

खेळाच्या मैदानावर जे झालं ते थक्क करणारं होतं. १९८८-८९ च्या मोसमात ब्रॉन्कोजने ७२ पैकी ५५ सामने जिंकले. प्लेऑफमध्ये ओळीने बारा सामने जिंकून, एकही न हरता, त्यांनी लीगचं विजेतेपद घेतलं. मे १९८९ मध्ये सॅस्कटूनला मेमोरियल कपची, म्हणजे देशाच्या ज्युनिअर विजेतेपदाची अंतिम लढत झाली, समोर यजमान सॅस्कटून ब्लेड्स. बरोबरी होऊन सामना जादा वेळेत गेला आणि टिम टिसडेलच्या गोलवर ब्रॉन्कोज ४-३ असे जिंकले. गोलरक्षक होता ट्रेव्हर क्रूगर, अपघातात गेलेल्या स्कॉटचा भाऊ. केनेडीही त्या संघात होता. एका हॉकी साप्ताहिकाने त्या वर्षीचा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून प्रशिक्षकाची निवड केली.

या विजयाने पुढची काही वर्षं कोणताही प्रश्न विचारणं आणखी कठीण करून ठेवलं. ज्याने गावाला शोकातून बाहेर काढलं, त्याच्याकडे संशयाने बघायचं कसं? १९९३ मध्ये संघ पुन्हा लीगचा विजेता झाला. १९९४ मध्ये प्रशिक्षक कॅल्गरीला एका नव्या संघात गेला, तेव्हा त्या संघात पैसे घालणाऱ्यांमध्ये त्याचे जुने खेळाडूही होते.

१९९६ मध्ये केनेडी पोलिसांकडे गेला. तोपर्यंत तो एनएचएलमध्ये खेळला होता, व्यसनांशी झगडत होता, आणि सत्ताविशीत आला होता. २ जानेवारी १९९७ रोजी प्रशिक्षकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दोन खेळाडू, दहा वर्षांचा काळ, सुमारे ३५० प्रसंग. शिक्षा साडेतीन वर्षं. त्यानंतर केनेडीने स्वतःचं नाव जाहीर करून सगळं सांगितलं. कॅनडात एखाद्या व्यावसायिक हॉकीपटूने असं उघडपणे बोलणं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं.

प्रकरण तिथेच संपलं नाही. २००७ मध्ये प्रशिक्षकाला नेहमीच्या प्रक्रियेने माफी मिळाल्याचं २०१० मध्ये उघड झालं आणि देशभर संताप उसळला. २०१२ च्या कायद्याने मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना ती सवलत बंद झाली. त्याच वर्षी एनएचएलमधला माजी खेळाडू थिओ फ्लूरी आणि त्याचा चुलतभाऊ टॉड होल्ट यांच्या तक्रारींवर प्रशिक्षकाला पुन्हा शिक्षा झाली: आधी दोन वर्षं, अपिलात ती पाच झाली. २०१५ मध्ये स्विफ्ट करंटच्याच आणखी एका माजी खेळाडूच्या प्रकरणात आणखी दोन वर्षं.

खेळाच्या व्यवस्थेतही बदल झाले. वेस्टर्नसह सगळ्या मेजर ज्युनिअर लीगांची एकत्रित संस्था असलेल्या कॅनेडियन हॉकी लीगने वकील गॉर्डन कर्क यांच्याकडून अहवाल करून घेतला. प्रशिक्षकांसाठी छळ आणि अत्याचाराविषयीचं प्रशिक्षण सुरू झालं. केनेडी १९९८ मध्ये इनलाइन स्केट्सवरून कॅनडा ओलांडून गेला, या प्रश्नासाठी निधी आणि लक्ष मिळवत. २००४ मध्ये त्याने सहकाऱ्यासोबत सुरू केलेल्या संस्थेचा ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ अभ्यासक्रम आज असंख्य प्रशिक्षक आणि पालक करतात.

पण २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर हॉकी कॅनडा या देशातल्या हॉकीच्या नियामक संस्थेने जी आकडेवारी दिली, ती वाचून मन विषण्ण होतं. १९८९ पासून लैंगिक अत्याचाराचे नऊ दावे एका निधीतून मिटवले गेले होते, एकूण ७६ लाख डॉलर. त्यातले ६८ लाख याच एका प्रशिक्षकाचे अत्याचार सोसलेल्यांसाठी. आणि तो निधी भरला गेला होता देशभरच्या खेळाडूंच्या नोंदणी शुल्कातून. भरपाई मिळायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण शुल्क भरणाऱ्या घरांना हे ठाऊकच नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट नेमणुकीच्या वेळची. प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर ही पदं एकाकडे दिल्याने पगार वाचतो आणि निर्णय पटापट होतात, म्हणून लहान गावांतले संघ हे सर्रास करत. पण तक्रार असलेल्या मुलाने मग जायचं कुठे? वरची पायरीही तोच माणूस. पदं वेगळी ठेवली असती तर अत्याचार थांबलेच असते असं मी म्हणणार नाही. निदान एक दार तरी असतं.

दुसरी, अपघातानंतरची. समुपदेशनाचा निर्णय संचालकांनी किंवा लीगने स्वतःकडे घ्यायला हवा होता आणि ते मुलांच्या इच्छेवर न सोडता सर्वांसाठी ठेवायला हवं होतं. ‘ज्याला हवं त्याने जा’ म्हटलं की सतरा वर्षांचा हॉकीपटू जात नाही, कारण गेला तर तो कमकुवत ठरतो. सगळ्यांना जावंच लागतं तेव्हा कोणी एकटा उठून दिसत नाही.

तिसरी, यजमान कुटुंबांबाबत. मुलाचं झोपणं, खाणं, बोलणं रोज बघणारे तेच. त्यांना संघाच्या बाहेर, प्रशिक्षकाला न विचारता फोन करता येईल असा एक माणूस नेमून दिलेला असता, तर कोणता मुलगा कधी आणि कुठे जातो याबद्दलची अस्वस्थता कुठेतरी नोंदली गेली असती.

आपल्या वाचकांपैकी कोणी तालमीच्या, निवासी क्रीडा प्रबोधिनीच्या किंवा खासगी अकादमीच्या कारभारात असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ‘आधी आपसांत बघू’ ही मुभा कायदा देत नाही. १९८६ मध्ये स्विफ्ट करंटमध्ये ‘आपसांत बघू’ याच भूमिकेने दार बंद झालं होतं.

चौथी गोष्ट विजयानंतरची, आणि ती सगळ्यात अवघड. जिंकणाऱ्या संघाची तपासणी कोणी करत नाही. खरं तर दर मोसमाच्या शेवटी, संघ सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाशी प्रशिक्षकाच्या गैरहजेरीत बोलणं हा साधा नियम असायला हवा. जाणाऱ्या मुलाला बर्फावरची जागा गमावण्याची भीती नसते. १९८७ ते १९९४ या काळात स्विफ्ट करंटहून कितीतरी मुलं अशी गेली.

एप्रिल २०१८ मध्ये याच प्रांतातल्या हम्बोल्ट ब्रॉन्कोज या दुसऱ्या ज्युनिअर संघाची बस अपघातात सापडली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. पुढच्या काही दिवसांतच १९८६ च्या बसमधून वाचलेले केनेडी, बॉब विल्की, पीटर सोबर्लाक आणि डॅरेन क्रूगर हे चौघं हम्बोल्टला पोहोचले. आपल्याला जे मिळालं नव्हतं ते या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना ताबडतोब मिळावं, हाच त्यांचा आग्रह होता. त्या गावात या वेळी समुपदेशक आले. सप्टेंबरमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा अपघातातून वाचलेले दोन खेळाडू संघात होते. बाकीच्यांनी न खेळण्याचं ठरवलं किंवा ते अजून उपचार घेत होते.